बारसुकोवसाहेबांचे बारा दिवस

मी, शैलेंद्र वामन टिपणीस, वय ७२, धंदा घड्याळदुरुस्ती, राहणार एडिसन, न्यू जर्सी, हे लिहीत असताना माझं डोकं ठिकाणावर आहे आणि कान तर उत्तमच आहेत. कुणी दटावलेलं नाही, कुणी गोड बोलून फशी पाडलेलं नाही. गुरुवारी हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणाले, "रूटीन आहे." पण 'रूटीन' म्हणण्याआधी ते क्षणभर अडखळले, ते मी ऐकलं. म्हणून हे मृत्युपत्र. याआधीची सर्व रद्द समजावीत.

कलम १. राहतं घर व बँकेतली शिल्लक पत्नी नीला हिला. दीडशे घड्याळांचे टोले तिने चाळीस वर्षं सोसले. ती विकायची की बंद पाडायची, हा तिचा हक्क.

कलम २. ओक ट्री रोडवरचं दुकान, लेथ व सर्व हत्यारं माझा कारागीर संग्राम यास. मी १९८१ साली मॉलच्या जिन्याखाली बसून सेल बदलत सुरुवात केली, हे त्याला पाठ आहे. अट एकच: घड्याळ उघडण्याआधी कानाला लावायचं.

कलम ३. आता मुद्द्याचं. पितळी जहाजी घड्याळ व सोबतची रोजनिशी, दोन्ही एका जुन्या घराच्या लिलावात मिळालेली, नात अदिती हिला. तिचा बाप वेदांत क्युपर्टिनोहून म्हणतो, "बाबा, इट्स जस्ट अ क्लॉक. विकून टाका." वेदांत, तुला माझा आशीर्वाद आहे, घड्याळ नाही.

या वस्तू लेफ्टनंट इग्नाती बारसुकोव यांच्या. बाराव्या वर्षी रशियन आरमाराच्या शाळेत, क्रिमियाच्या युद्धात दोन बोटं गेली, दोनदा पृथ्वीप्रदक्षिणा. १८६३ साली त्यांचं जहाज न्यूयॉर्कला आलं. पुढे नोकरी सोडून ते इथेच, न्यू जर्सीत आले आणि आठ बोटांनी लोकांची घड्याळं दुरुस्त करत जगले. रशियन गिऱ्हाइकांचं बोलणं ऐकून ऐकून मी त्यांची भाषा शिकलो, ती या माणसासाठी.

रोजनिशीत लिहिलंय: ९ नोव्हेंबर १८६३, वाळूच्या दांड्यावर रुतलेल्या गलबतावरून अकरा कोळी वाचवले. किनाऱ्यावरच्या एका छोट्या संग्रहालयात मात्र पाटी आहे की गलबत रुतलं २१ तारखेला, सबब लेफ्टनंटचा दावा खोटा. ही पाटी आमचे मित्र पुरुषोत्तम खांबेटे यांनी वाचली आणि मंडळाच्या गणपतीत, माझ्या भाषणानंतर, भर सभेत म्हणाले, "टिपणीस, तुमचा साहेब थापाड्या निघाला!" तेव्हापासून एकोणीस वर्षं भेटले की, "काय, थापाड्या काय म्हणतो?"

परवा रविवारी सकाळी सून कादंबरीचा फोन आला. "बाबा, यंदा तुमचा वाढदिवस तिथीने करायचा की तारखेने? अदिती कन्फ्यूज झालीय. म्हणते, आजोबा दोनदा जन्मले का?"

माझ्या हातातला चहा सांडला. दोन पंचांगं! तेव्हाचे रशियन जुन्या पंचांगाने चालत, आपल्या तारखेच्या बारा दिवस मागे. मी ओरडलो, "नीला, नऊ आणि बारा किती?"

"एकवीस. बीपीची गोळी घेतली का?"

एकवीस! साहेब खरं बोलत होते. आणि दर वर्षी दोन वाढदिवस करणाऱ्या मला हे कळायला एकोणीस वर्षं लागली.

म्हणून अदितीला अटी. रोज सकाळी ठीक आठला साडेसात फेरे चावी द्यायची आणि जहाजावर कप्तानाला कळवत तसं मोठ्याने म्हणायचं, "चावी दिली." ऐकायला कुणी नसलं तरी. संग्रहालयाला दर महिन्याच्या २१ तारखेला पत्र टाकायचं, पाटी बदलेपर्यंत. माझं पहिलं पत्र काल गेलं. मी शस्त्रक्रियेच्या टेबलावरून उठलो तर पुढची मीच लिहीन. नाहीतर बाळा, साहेबांचं नाव तुझ्या हाती.

कलम ४. माझं भिंग खांबेट्यांना, तारखा नीट वाचण्यासाठी. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये, असं वकील रेणूताई म्हणाल्या. म्हणून ते आजच त्यांच्या हातात दिलं आहे.

स्थळ: एडिसन. मंगळवार, ४ नोव्हेंबर २०२५. साहेबांच्या पंचांगाने २२ ऑक्टोबर. आता फरक तेरा दिवसांचा आहे, खांबेटे. आधीच सांगून ठेवतो.

सही: शैलेंद्र वामन टिपणीस

साक्षीदार १: राजीव अत्रे, शेजारी

साक्षीदार २: पुरुषोत्तम खांबेटे. भिंग मिळालं. रोजनिशीतली तारीख स्वतः तपासली, बारा दिवस मिळवून. साहेब खरे होते. शुक्रवारी दवाखान्यात येऊन तोंडाने सांगेन. टिपणीस, ऐकायला हजर राहा.