मावळतीला बदललेली तारीख

अहो,

नाव घेऊन हाक मारायची सवय तेव्हा नव्हती, आता तरी कशी मारू? लिहायला तुम्हीच शिकवलंत, तेव्हा अक्षर वाकडं आलं तर खपवून घ्या.

आज बुधवारी सकाळी पाटील आले होते. शाळेपुढं तुमच्या नावाचा दगड बसवायचा आहे, शुक्रवारी पाथरवट येणार. म्हणाले, "वैनी, मास्तर गेले ती तारीख तेवढी सांगा." पाणी आणते म्हणून मी आत जाऊन चुलीपुढं बसले, मग पाणी दिलं आणि तारीख उद्या सांगते म्हटलं. साऱ्या जगाच्या तारखा पाठ असलेला माणूस तुम्ही, आणि तुमचीच तारीख माझ्या तोंडून निघेना! म्हणून लिहितेय. जे तुम्हाला सांगायचं राहिलं ते आधी सांगते, मग पाटलांना.

तुमचा तो तक्ता आठवतो का? खळीनं कागद चिकटवून केलेला, भिंतभर. वर मोठ्या अक्षरात 'शके एक'. एकच वर्ष, आणि त्या वर्षी जगात कुठं काय चाललं होतं त्याचे रकाने. तेर गावच्या जुन्या वस्तीच्या, पांढरीच्या टेकाडावरून तुम्ही मणी आणि मातीची इवली मुंडकी वेचून आणायचात. म्हणायचात, त्या काळी इथून कापडाच्या गाड्या भडोचच्या बंदराकडं जायच्या. तिकडं रोमचा बादशहा माणसं नि जनावरं झुंजवायला दगडी आखाडा बांधत होता. चीनचा सरदार वाळवंटातलं शहर जिंकून माना उडवत होता. यहुद्यांचं देऊळ रोमवाल्यांनी जाळलं, त्याला आठ वर्षं झाली होती. आपला शक तरी कशावरून? कुणीतरी कुणाला तरी मारून जिंकलं म्हणून!

मी म्हणायचे, सगळीकडं कापाकापीच आहे, मग रकाने वेगळे कशाला पाडता? तुम्ही हसायचात आणि पुन्हा बोरू उचलायचात. घरातलं मीठ संपलंय हे तुम्हाला ठाऊक नसायचं, रोमच्या आखाड्याला किती कमानी ते ठाऊक!

प्रत्येक रकान्याखाली त्या त्या लोकांचं वर्ष लिहिलं होतंत. रोमचं आठशे एकतीस. हिजरीचा रकाना कोरा, त्यात बारीक अक्षरात 'अजून अवकाश आहे'. त्यावरूनच तुम्ही मला एकदा सांगितलंत, की नुसती वर्षंच नाहीत, दिवससुद्धा सगळ्यांचा एका वेळी सुरू होत नाही. आपला उगवतीला, इंग्रजांचा मध्यरात्री, मुसलमानांचा मावळतीला. मी भाकरी थापत होते. हूं म्हटलं आणि भाकरी उलटली. नीट का नाही ऐकलं मी?

मग तुम्ही शाळेवर तिरंगा लावलात. रागावू का तुमच्यावर? रागावतेच. निजामाच्या राज्यात, खाकी वर्दीची टोळी गावोगाव घरं पेटवत फिरत असताना, माझ्याशी एक शब्द न बोलता लावलात. बाजूच्या गावातल्या तलाठ्याला त्यांनी बाजेला बांधून जाळलं होतं. ते ऐकून तुम्ही म्हणालात, आपण काय, साधे मास्तर!

हुसेनभाई मनियार आला तो बुधवारचाच दिवस होता. बांगड्या भरायला येणाऱ्या माणसाला कुणी अडवत नाही, त्याच्यावर कुणाची नजर नसते. माझा हात दाबून हिरवी बांगडी चढवता चढवता तो मान खाली घालून बोलला, "चांदकी बारा लगी के आनेवाले हैं वो लोगां. मास्तरकू बोलो, निकल जाव." दोन्ही हात भरले आणि टोपली उचलून गेला.

आता ऐका. त्याचे शब्द मी तुम्हाला जसेच्या तसे सांगितले नाहीत. त्याला विचारून मी बोटांवर मोजलं होतं. आज त्यांच्या महिन्यातली चांदची दहा, उद्या अकरा, शुक्रवारी बारा. आणि तुम्हाला सांगितलं, ते शुक्रवारी येणार आहेत. हिशेब करून सांगितलं की तुम्हाला कौतुक वाटायचं ना, म्हणून! चांदची बारा लागली की, एवढंच म्हटलं असतं तर तुम्ही क्षणात उठला असता. तुम्ही म्हणालात, गुरुवारी अंधार पडल्यावर गाडी जुंपू, निजामाची हद्द संपून बार्शी लागली की सुटलो. आणि गुरुवारचा आख्खा दिवस मणी फडक्यात बांधण्यात घालवलात.

गुरुवारी सूर्य बुडाला. बैल अजून दावणीलाच होते. ते आले.

तुम्ही मला कडब्याच्या गंजीत ढकललंत. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, पण मला काय दिसलं ते ठाऊक नाही. बंदुकीच्या दस्त्यानं त्यांनी आधी तुमची बोटं फोडली, एकेक, जात्यावर ठेवून. मग तक्ता फाडून आणला, तुमच्या अंगाभोवती गुंडाळला आणि पेटवला. तुम्ही ओरडलात. एकानं गंजीत भाला खुपसला, तो माझ्या मांडीत शिरला. मी पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. भाला बाहेर काढताना कडब्यानं रक्त पुसलं गेलं असावं, कारण तो पुढं गेला. तुमचा आवाज थांबला तेव्हा मला बरं वाटलं. हेही लिहितेच.

नंतर बायकांनी माझे हात उंबऱ्यावर धरून बांगड्या फोडल्या. दोनच दिवसांपूर्वी भरलेल्या.

दहाव्याला हुसेनभाई परड्याच्या दाराशी आला. म्हणाला, "भाभी, मैं तो बोला था." मी म्हटलं, बारा शुक्रवारी होती. त्यानं मावळतीकडं बोट केलं. मग हळू म्हणाला, "सूरज डूबा के बारा लगती, भाभी." तेव्हा मला ती भाकरी आठवली.

मी हे कुणालाच सांगितलं नाही. गाव म्हणत होतं, मास्तर बेसावध सापडले. म्हणू दिलं.

मग हिंदुस्थानची फौज आली, टोळी पळाली, आणि आपल्या लोकांनी कुऱ्हाडी काढल्या. टोळीतला एकही हाती लागला नाही, म्हणून जे घरात बसले होते त्यांना ओढलं. हुसेनभाईला आपल्या दारावरून फरपटत नेलं. टोपली उलटी झाली, काच पायांखाली करकरत होती. त्यानं माझं दार बघितलं आणि म्हणाला, "भाभी, बोलो इनकू."

मी दाराआड उभी होते. कडीवर हात होता. बाहेर जाऊन म्हणायचं होतं, ह्यानंच निरोप आणला होता. पण मग पुढचा प्रश्न आला असता, निरोप आला होता तर मास्तर गेले कसे? मी कडी काढली नाही. पहिला घाव पाटलांचा होता. फटीतून मी पाहिला. मग त्याला आडात टाकलं, आणि वरून दगड.

तुम्ही असता तर धावला असता. मी नाही धावले. सांगा, ह्याला कुठला रकाना?

आज तेच पाटील माझ्या हातचं पाणी पिऊन गेले. दगडावर काय कोरायचं तेही त्यांनी ठरवलंय, मुसलमानांनी मारलं असं.

तसं मी होऊ देणार नाही. निरोप कुणी आणला, चुकलं कोण, आणि आडात कोण पडलंय, तिन्ही सांगणार. दगडावर तुमच्या खाली हुसेन मनियार हे नाव येईल. नाही आलं, तर तुमचंही येऊ देणार नाही. मला गावाबाहेर काढतील, किंवा त्याच आडात टाकतील. टाकू देत.

पाथरवट शुक्रवारी सकाळी येईल. मी तोवर थांबणार नाही. उद्या, गुरुवारी, सूर्य बुडाला की पाटलांच्या ओसरीपुढं उभी असेन. ह्या वेळी बरोबर मोजलंय.

तुमचीच,
गिरजा