दोन फळ्यांवरचा एकच सात

प्रिय बसलिंगप्पा,

वकिलानं तुझ्याशी फोनवर बोलायची मनाई केली. पत्राचं तो काही बोलला नाही, म्हणून लिहितोय. पस्तीस वर्षांच्या दोस्तीत तुला पहिलंच पत्र, आन् तेही वैतागून. माझ्या नातवाच्या बारशाला मुरुडहून लातूरला यायला तुला जमलं नाही. औसा गावातल्या लग्नात मला बघून तू पंगतीतून उठलास. वकिलाचं ऐकावं, पण ताटावरून उठावं?

दूधवाल्यांनी स्पर्धा आयोगाकडं तक्रार केली की, सरकीचा भाव उतरला तरी आपल्या दोन्ही तेलगिरण्या संगनमतानं अकरा दिवस जनावरांच्या पेंडीच्या एकाच भावाला धरून बसल्या. तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. माझ्या वकिलानं दिल्लीची अर्थतज्ज्ञांची कंपनी नेमली. त्यांची लुंबिनी मूळची नांदेडची, लई हुशार. तिनं विचारलं, मी भाव पाच टक्के वाढवला तर गिऱ्हाईक कुठं जाईल? मी म्हणालो, बसलिंगप्पाकडं, आन् त्याचा माल संपला असंल तर माझा माल मीच त्याला पाठवून देतो. तिनं पेन खाली ठेवलं. म्हणाली, "काका, हे आयोगापुढं बोलू नका."

तिचा अहवाल वाचला. दोघांकडं महाग सरकीचा जुना साठा होता, म्हणून दोघांचा भाव अडकला, असं आलेख काढून सिद्ध केलंय. साठा होता, हे खोटं नाही. पण तक्रारीला दोन्ही गिरण्यांच्या भावफळ्यांचे फोटो जोडलेत. पोत्याला सतराशे सत्तर. माझ्या हातचा पोट फुगलेला सात दोन्हीकडं. मी तिच्यापुढं फोटो सरकवला. तिनं तो माझ्याकडं परत सरकवला. "मी आकडे बघते काका, अक्षर बघत नाही."

त्या अकरा दिवसांत महादेवी वहिनी नांदेडच्या दवाखान्यात होत्या, तू त्यांच्या उशाशी. सकाळी माझी फळी लिहायची, मग मुरुडला जाऊन त्याच भावानं तुझी. सरकी उतरली हे मला कळलं होतं, पण भाव उतरवायचं डोक्यातच आलं नाही. दूधवाल्यांचं अगदीच चुकलं असं मी कसं म्हणू?

काल वकिलानं सहीला कागद दिला. आपली फक्त तोंडओळख आहे, असं त्यात लिहिलंय. फायलीत तुझाही तसाच कागद होता, सहीसकट. मी सही केली नाही. मंगळवारी सुनावणीत मी सांगणार आहे की दोन्ही फळ्या मीच लिहिल्या, आन् का लिहिल्या. दंड होईल तो होवो. पण मी खरं बोललो की तुझी सही खोटी ठरंल. म्हणून हे पत्र. सोमवारच्या आत तुझा कागद मागं घे. वकील ओरडंल, ओरडू दे. परवा अनोळखी नंबरवरून फोन आला, पलीकडं कुणी बोललं नाही. पण मागं तुझ्या गिरणीच्या यंत्राचा सैल पट्टा फटफटताना ऐकू आला. मंगळवारी माझ्या गाडीत एक जागा रिकामी ठेवतो.

तुझाच, तोंडओळखीचा,
सिद्रामप्पा