फेरारा, व्हाया फाएन्झा

फेरारा, इटली
शनिवार, १३ सप्टेंबर २०२५

ती. नीनाताईस,
राधिकाचा शि. सा. न.

पोचले. काल फोन चार्ज झाल्या झाल्या तेवढा एकच शब्द पाठवला आणि नऊ तास झोपले. तुझे एकवीस मेसेज सकाळी वाचले. रागाव, पण आधी काय झालं ते वाच.

डेट्रॉइटला उल्हासने सोडलं तेव्हा नवऱ्याच्या हक्काने तीनदा विचारलं, एकटीला जमेल ना. विमानं वेळेवर होती, बोलोन्याला सकाळी अकराला उतरले. स्टेशनवरच्या बोर्डावर फेराराची गाडी चार नंबरला. मी तिथे उभी. अचानक सगळी गर्दी जिन्याकडे निघाली. लाउडस्पीकरवर काहीतरी सांगितलं असणार, पण माझ्या कानातल्या मशीनमधून स्टेशनवर नुसता घोंगाट येतो. मला वाटलं, ती माणसं दुसऱ्या गाडीची असतील. चार नंबरला गाडी आली, मी बसले.

टीसी आला. तिकीट बघून बरंच काही बोलला. आणि ताई, मी हसून मान डोलावली. दोनदा. गेली तीन वर्षं डेट्रॉइटजवळच्या नोव्हायच्या ऑफिसात मीटिंगमध्ये हेच तर करत आले. त्याला वाटलं, बाईंना समजलं. ही गाडी फेराराची नाही, पुढच्या स्टेशनवर उतरून परत जा, असं तो सांगत होता हे मला आत्ता कळतंय. मी आपली खिडकीतून द्राक्षांचे मळे बघत निघाले! मॅप बघावा म्हटलं, तर फोनने मान टाकलेली. फाएन्झा नावाचं स्टेशन आलं, ते माझ्या यादीत कुठेच नव्हतं. घाबरून उतरले.

तिकिटाच्या खिडकीत माझ्याच वयाची, पन्नाशीची बाई होती. ती काचेमागून बोलायला लागली आणि माझी मान सवयीने हलायला लागली. मध्येच थांबले. कानाला हात लावून म्हणाले, मला ऐकू येत नाही. म्हणाले ते चक्क मराठीत! परक्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा सांगितलं आणि तेही तिला न कळणाऱ्या भाषेत. तरी तिला कळलं. तिने एक कागद उलटा करून त्यावर गाडी, वेळ, प्लॅटफॉर्मचा नंबर, बोलोन्याला बदलायचा बाण, सगळं काढून दिलं. मग खिडकी बंद करून मला गाडीपर्यंत सोडायला आली. मला रडू फुटलं, तर तिने माझ्या गालावर थोपटलं.

साडेपाचला फेरारा. तिथे आमच्या पुस्तकबांधणीच्या शाळेच्या बाई माझ्या नावाचा कागद धरून उभ्या! त्यांना कसं कळलं, कोण जाणे.

ऑफिसातल्या निम्म्या लोकांना अजून वाटतंय की मी फेरारी बघायला गेलेय. काळजीतून काही लोभ उरला असेल, तर तो माझ्यासाठी ठेव.

तुझी,
राधिका


मॉरिसव्हिल, नॉर्थ कॅरोलायना
१३ सप्टेंबर २०२५

चि. सौ. राधिकास,
अनेक आशीर्वाद, आणि एक धपाटा.

तुझं ‘पोचले’ आलं तेव्हा मी क्लिनिकच्या काउंटरवर एका पेशंटला दात साफ करायची अपॉइंटमेंट देत होते. इतक्या जोरात हुश्श केलं की त्या बाईंनी मलाच पाणी आणून दिलं. फोनवर बोललेलं तुला कळत असतं, तर चार शब्द तिथल्या तिथे सुनावले असते. आता हे लिहूनच.

एक कबूल करायचंय. तुझ्या कानांबद्दल शाळेत कुणाला सांगणार नाही, असं वचन तू माझ्याकडून घेतलं होतंस. काल आमच्या सकाळी नऊला, म्हणजे तुमच्या दुपारी तीनला, मी ते मोडलं. शाळेत फोन केला. त्या बाईंचं इंग्रजी बेताचं. मी असं ओरडून बोलले की जणू त्यांनाच ऐकू येत नाही. माझी बहीण बहिरी आहे, दोन तासांपूर्वी पोचायला हवी होती, असं सांगितलं. तुझ्यासाठी हा शब्द मीही पहिल्यांदाच तोंडातून काढला. मी स्टेशनवर जाऊन थांबते, एवढंच त्या म्हणाल्या.

तू मला माफ करशील की नाही, माहीत नाही. पण पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा हेच करीन. तू सुखरूप आहेस, आज मला एवढं पुरे. जेवत जा, आणि माझ्यावर फार दिवस अबोला धरू नकोस.

तुझी,
नीनाताई


फेरारा
मंगळवार, १६ सप्टेंबर २०२५

ती. नीनाताईस,
शि. सा. न.

तुझं पत्र वाचून खरंच चिडले. लॅपटॉप मिटला आणि इथल्या किल्ल्याभोवती दोन चकरा मारल्या. दुसऱ्या चकरेत मनात आलं, त्या बाई दोन तास स्टेशनवर ताटकळल्या आणि मला त्याबद्दल अवाक्षर बोलल्या नाहीत. नुसती माझी बॅग उचलली. मग चिडायचं तरी कुणावर?

काल पहिला वर्ग होता. आम्ही नऊ जण. प्रत्येकाने उठून स्वतःबद्दल सांगायचं. बाई सगळं जाणत होत्या, पण गप्प होत्या. मी रविवारभर आरशासमोर पाठ केलेलं इटालियन वाक्य म्हटलं, की मला ऐकू कमी येतं, कृपा करून माझ्याकडे बघून बोला. कुणी चुकचुकलं नाही. बाईंनी विचारलं, कुठला कान जास्त बरा. मी म्हटलं, डावा. त्यांनी आणि शेजारच्या एका मिशाळ गृहस्थांनी माझं टेबल उचलून भिंतीशी नेलं आणि सगळ्यांचे चेहरे दिसतील असं फिरवून ठेवलं. लगेच बाईंनी कागद चिकटवायची खळ कशी शिजवायची ते दाखवायला घेतलं.

ताई, तीन वर्षं मी ज्याला घाबरत होते, ते एक टेबल सरकवण्याएवढंच होतं.

राग गेला. लोभ दोन्हीकडून आहे तसा राहू दे.

तुझीच,
राधिका