तिरडीला गेलेला प्रयोगाचा बांबू

प्रति,
मा. सदस्य-सचिव,
जैवसुरक्षा समिती, बांबू जनुक प्रकल्प,
जळगाव.

विषय : प्रयोगाचा बांबू तोडणाऱ्या मजुराविरुद्ध पोलिसांत तक्रार देण्यास असमर्थता कळविण्याबाबत.
संदर्भ : आपली दि. ८ डिसेंबर २०२५ ची नोटीस.

महोदय,

भडगाव येथील जाळीघरातून बांबू चोरल्याबद्दल रोजंदारी मजूर समाधान याच्याविरुद्ध सोमवारपर्यंत तक्रार द्यावी, अन्यथा उरलेली सर्व झाडे जाळून परवानगी रद्द होईल, असे आपण फर्मावले आहे. त्याबाबत सविनय सादर करते की :

१. ही चोरी नव्हे. समाधानचे वडील तोताराम आबा त्या दिवशी पहाटे वारले. इकडे तिरडीचा बांबू कोणाच्याही बांधावरून आणतात, त्याला कोणी विचारत नाही आणि कोणी अडवतही नाही. जाळीघराची किल्ली समाधानकडेच असते. मी जाब विचारला तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, बांबू सरकारना शे हाई माले ठाऊक व्हतं. पन बाप घरमा पडेल व्हता." यावर काय बोलावे, हे आपल्या नियमावलीत मला सापडले नाही.

२. बांबूला ताठपणा देत असावे असे जे जनुक वाटते, ते आम्ही जिवाणूमार्फत पेशींत जनुकखंड सोडून बंद पाडले होते. घरातला माणूस गावाला गेला की तो काय काय करत होता ते कळते, तशीच ही पद्धत आहे. ताकद तपासण्याच्या यंत्राची माझी मागणी आपल्याच कार्यालयात पडून आहे, म्हणून ताठपणा खरेच गेला का हे तपासणे राहिले होते.

३. समाधानने घाईत एक बांबू जनुक बदललेल्या बेटातला तोडला आणि दुसरा शेजारच्या साध्या बेटातला. स्मशानाच्या वाटेवर मीही मागून चालत होते; तिरडी डावीकडे वाकत गेली. आबा घसरू लागले, बायका किंचाळल्या, समाधानने खाली हात घालून बापाला सावरले. साध्या बेटातला उजवा बांबू सरळच होता. जनुकाचे काम माझ्या डोळ्यांसमोर सिद्ध झाले आणि त्या क्षणी मला आनंद झाला. महोदय, त्याची मला लाज वाटते.

४. बदललेल्या झाडाचा प्रत्येक तुकडा जाळून नष्ट करावा, असा नियम आहे. तो बांबू चितेवर सबंध गावासमक्ष जळाला. तरीही आपण राखेचा नमुना मागवला आहे. राख गिरणा नदीत गेली. उरलीसुरली मागायला त्या घरी जाण्याचे बळ माझ्यात नाही, आणि असते तरी मी गेले नसते.

५. वाकलेल्या बांबूबद्दल समाधानने मला अद्याप एक शब्द विचारलेला नाही. गावात मात्र, मॅडमच्या झाडाने आबांना धड जाऊही दिले नाही, असे बोलतात. त्यावर मीच त्याला चोर म्हणून ठाण्यात उभे करावे, अशी आपली आज्ञा आहे.

तरी विनंती की, तक्रारीची अट मागे घ्यावी. ही झाडे जगवण्यात माझी उमेदीची वर्षे गेली आहेत, ती जळावीत असे मला मुळीच वाटत नाही. परंतु दोहोंपैकी एकच राखता येत असेल, तर समाधानला कामावर राहू द्यावे. सोमवारी झाडांना काडी मी लावीन.

आपल्या निर्णयाच्या प्रतीक्षेत,
शिल्पा चुडामण सोनवणे
संशोधक, भडगाव
दि. ११ डिसेंबर २०२५