दादाने माईक पुढे केला

रविवार, दि. १४

ती. ताईस,
कानात अजून कापसाचे बोळे असलेल्या धाकट्याचा नमस्कार.

आधी गंभीर तक्रार. दादाच्या बँडने घरच्यांना काळे टी-शर्ट वाटले. माझ्या वाट्याला 'मध्यम' माप आलं. मी वयाने मध्यम असेन, घेराने नव्हे. छातीवरची कवटी माझ्या उदरावर ताणली जाऊन दात विचकू लागली. त्यातच माझ्या संस्कृतच्या वर्गातल्या एका मुलीने मला गाठलं. "सर, तुम्ही इथे?" म्हटलं, "मी नव्हे, माझा भाऊ."

तू विचारलंस, कार्यक्रम कसा झाला? उत्तम. इतकी वर्षं अडगळीत पडलेली ती गाणी, आणि नातवंडांच्या वयाची पोरं त्यावर नाचत होती. ड्रमर कमरेला पट्टा बांधून बसतो, गिटारवाला चष्मा कपाळावर ठेवून शोधत फिरतो, पण वाजवू लागले की पायाखालची जमीन थरथरते. पुढचे सगळे कार्यक्रम आधीच भरलेत.

आणि दादाची ती नवी लकब. गाता गाता थांबतो, माईक लोकांपुढे धरतो आणि सारं मैदान गाऊ लागतं. वर्तमानपत्राने लिहिलं, 'आपलं गाणं रसिकांना देऊन टाकणारा कलावंत.' कात्रण तू जपून ठेवलं असशीलच.

मी पहिल्या रांगेत होतो, ताई. तो लोकांच्या ओठांकडे बघत होता. जन्मभर परीक्षांवर देखरेख केली आहे मी. शेजारच्याच्या पेपरात डोकावणारी नजर मला कळते.

आठवतं ना, मी धातुरूपं घोकायचो आणि हा पलीकडच्या खोलीत नुसता ऐकून पाठ करायचा? वर त्यांना चाल लावायचा आणि मला 'पंडित' म्हणून चिडवायचा. त्याचं ते नाव मग सगळ्या घराने उचललं.

कार्यक्रम संपल्यावर आत गेलो. टॉवेलने मान पुसत होता. "अरे वा, कवटी शोभते तुला!" म्हणत मिठी मारली. मग म्हणाला, "बस ना. आईचं गाणं अजून व्हायचंय. शेवटी घेणार आहोत."

शेवटचं गाणं तेच झालं होतं. बाहेर पांगणारे लोक अजून तेच गात होते.

थट्टा समजून मी हसलो. दुसरं कोणीच हसलं नाही. काठ्या पिशवीत भरता भरता, मान वर न करता ड्रमर म्हणाला, "हो रे, घेऊ. आधी पाणी पी." हे तो अगदी सवयीने म्हणाला.

बाहेरच्या बोळात मी ड्रमरला गाठलं.

"दुसऱ्या कडव्यानंतर शब्द जातात त्याचे," तो म्हणाला. "मी मोठा ठोका देतो, तो माईक पुढे करतो. ठरलंय आमचं."

"आणि डॉक्टर?"

"दौरा संपल्यावर, म्हणतो. तूच सांग ना त्याला, बास कर म्हणून. स्टेजवर किती खूश असतो, पाहिलंस ना? आम्हाला नाही जमत."

ताई, मलाही जमलं नाही. ठरवून परत आत गेलो आणि त्याच्या बुटांचं कौतुक करून आलो.

निघताना तो दारापर्यंत आला. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "सांभाळून जा हं..." आणि थांबला. पुढे माझं नाव यायचं होतं, त्यानेच ठेवलेलं. ते आलं नाही. तो माझ्या ओठांकडे बघत राहिला.

मी फार घाबरलोय. त्याला सांगायला माझ्याबरोबर तू हवीस. लवकर ये.

तुझा आणि त्याचाही,
पंडित