बावीस पायऱ्या

१९ जानेवारी
सात, आठ. आठव्या बैठकीला कंबर धरली. दोन्ही हातांत पाच-पाच लिटरचे कॅन, पाण्याने भरलेले. खाली जाता येईना, वर येता येईना. आई पलंगावरून बघत होती. तिच्या पायाचं प्लॅस्टर निघून चार दिवस झाले. व्यायाम तिला सांगितलाय, करून दाखवतोय मी.
म्हणाली, "पानी कुठं नेयचंय?"
कुठेच नाही, म्हटलं.
"मंग ठिव खाली."

२० जानेवारी
फिजिओबाईंनी कागदावर लिहून दिलंय. खुर्चीतून दहा वेळा उठणं-बसणं. भिंत धरून दहा वेळा टाचा उचलणं. दिवसातून तीनदा. नीट केलं तर महिन्याभरात जिना उतरतील, म्हणाल्या. आईने कागदाची घडी करून उशीखाली ठेवली. तिच्या बाजूने विषय संपला.
मोबाईलवर व्हिडिओ लावून दिला. शेवटपर्यंत पाहिला. "बाई दमली बिचारी." स्वतः हलली नाही.

२२ जानेवारी
भांडण. तिला गावी जायचंय. वस्तीवरची सात घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला गेली, त्यात माझ्या बहिणीचं, मंगलचंही. जाताना सगळ्यांनी चाव्या आईकडे दिल्या. चिंधीत बांधून कमरेला असतात, झोपेतही. माणसं परत येतील तेव्हा दारात तीच हवी, असं तिचं म्हणणं.
चाव्या जीपवाल्याबरोबर पाठवू, म्हटलं.
"माज्याजवळ दिल्यात. जीपवाल्याजवळ न्हाई."
मग मीही चिडलो. आमचा फ्लॅट पहिल्या मजल्यावर, बावीस पायऱ्या. आपल्या पायांनी उतर, चढून दाखव, दुसऱ्या दिवशी गावी सोडतो. सुनीता स्वयंपाकघरातून म्हणाली, आईंशी कसल्या पैजा लावताय.

२३ जानेवारी
नळाला चार दिवस पाणी नाही. संध्याकाळी व्यायामाला कॅन उचलले तर हलके. सु.ने त्यातलं पाणी भांड्यांना वापरलं. वजनच उचलायचंय तर हापशावरून हंडे आणा, म्हणाली. आणले. चार खेपा. कंबर.

२५ जानेवारी
स्टँडमागच्या जिमपर्यंत गेलो. शटरपाशीच बारावीतले दोघे. "सर, तुमी?" कोणाला तरी शोधतोय, म्हटलं. तसाच परत आलो. घरीच काय व्हायचं ते होईल.
आईने विचारलं, कुठं गेल्ता. कुठे नाही. हेच उत्तर आठवड्यात दुसऱ्यांदा.

२७ जानेवारी
आईने सुरुवात केली. माझ्या सांगण्याने नव्हे. मी खुर्चीशी बैठका काढत होतो, ती म्हणाली, एकट्यानं काय कुथतो, जोडीनं कर.
ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. एकाने तोडायचं, दुसऱ्याने मोळी बांधायची. एक उभा असताना दुसऱ्याने बसायचं नाही. आई तीस हंगाम अशीच राबली. वडील गेले तेव्हापासून तोडीला गेली नाही. अर्ध्या कोयत्याला कोण नेतं, म्हणायची.
आता जोडीला मी. एकदा मी बसून उठायचं, एकदा तिने. दहा झाले की एक मोळी. आकडे म्हणत नाही. दहाव्याला फक्त "बांधली" म्हणते.
आज दोन बांधल्या. धापा माझ्या.

२ फेब्रु.
रोज सहा मोळ्या. रविवारीही. कॉलेजातून आलो की चहाच्या आधी. उशीर झाला की टोमणा: "आले मुकादम."
काल पेपर तपासायचे होते. आज तू एकटी कर, म्हटलं.
"एका हातानं मोळी बांधत्यात व्हय?"
पेपर तसेच राहिले. तिचा पाय भरतोय. भिंत सोडून उभी राहते. माझी विजार सैल झाली, हे घरात कोणाच्या लक्षात नाही.

६ फेब्रु.
मंगलचा फोन. तिकडचा ऊस संपत आला, टोळी दोन आठवड्यांत परत. आईने लगेच मोळ्या दुप्पट केल्या. मला न विचारता. माझे गुडघे वाजतात. सु. म्हणते, पाय नक्की कोणाचा मोडला होता?

१२ फेब्रु.
दहा पायऱ्या उतरली. चढली. वर येऊन चिंधी सोडली, चाव्या एकेक करून पदराने पुसल्या. सातही. कोणती कोणाची, ते हाताला कळतं तिच्या.
मी शाळेत होतो तेव्हा दर दिवाळीनंतर ती टोळीबरोबर जायची, मला आजीपाशी ठेवून. ट्रक वळेपर्यंत बघायचं, मग घरात यायचं. मागे राहायची सवय झालीय असं समजत होतो.

१३ फेब्रु.
दुसऱ्या मोळीत खाली बसलो. कंबर गेली, म्हटलं. सु.ने गरम पाण्याची पिशवी दिली. आई थांबली. खुर्चीत तशीच बसून राहिली.

१४, १५
कंबर. आईही बसून. पेपर तपासून झाले.

१६ फेब्रु.
कंबर तेराला चांगली होती. आजही आहे. इथे तरी खरं लिहावं.
दुपारी आईने माझ्या पाठीखालची पिशवी ओढून काढली. गार होती. कधीपासून कोण जाणे.
"मोळी सैल बांधली की डोक्यावर गेल्यावर सुटती. तुज्या कमरेला काय झालं न्हाई."
म्हटलं, इथंच राहा ना. इथं काय कमी आहे. एवढं बोलायला एक महिना लागला.
तिने कमरेची चिंधी चाचपली. "सात घरं कुलपात हायती, बाबा."
संध्याकाळी कॅन भरून ठेवले. कोणी उचलले नाहीत.

१७ फेब्रु.
सकाळी साडेसहाला उठलो. पलंग रिकामा, दार उघडं. आई जिन्यात अकराव्या पायरीवर बसलेली. चाव्या कमरेला, लुगड्यांची पिशवी मांडीवर. हात पुढे केला.
"हात नको. जोडीला ये."
शेजारी बसलो. दोघं बरोबर उठलो. कॉलेजात फोन करून पहिला तास होणार नाही म्हणून कळवलं. खाली अकरा पायऱ्या होत्या.