तळाला नाव लिहिलेलं भांडं

प्रिय कर्टिस,

वॉशिंग्टनच्या तुझ्या ऑफिसात पत्रं आधी दुसरंच कुणीतरी उघडतं, म्हणून हे घरच्या पत्त्यावर पाठवतेय. सावकाश वाच. भाषणाच्या कागदासारखं वरवर चाळू नकोस.

परवा ऑल्गा नेसला दफनभूमीत पोचवून आलो. डेलची आई, ब्याण्णव वर्षांची होती. तुझी फुलं आली होती, छापील सहीच्या कार्डासकट. ती मी मागे कोपऱ्यात ठेवली, रागावू नकोस. नंतर चर्चच्या तळघरात जेवण झालं, हॅम आणि भाजलेले बटाटे, नेहमीचंच. प्रत्येकीच्या भांड्याच्या तळाला नावाची चिकटपट्टी. लहानपणी आपल्या आईच्या पट्टीवर तू गुपचूप तुझं नाव लिहायचास आणि "हे बटाटे मी आणलेत" म्हणून सगळ्यांना सांगत सुटायचास. पाच वर्षांचा होतास, तेव्हापासून मतं मागतोयस मेल्या!

तुझा अभिमान मला कमी नव्हता. तू कौंटीचा सरकारी वकील झालास तेव्हा वर्तमानपत्रातला तुझा फोटो मी फ्रिजवर लावला. मग राज्याच्या विधानसभेत गेलास, मग वॉशिंग्टनला देशाच्या संसदेत. दर निवडणुकीला पाकिटं चिकटवून माझी जीभ कोरडी पडायची. म्हाताऱ्या सैनिकांची अडकलेली पेन्शन तू सोडवलीस, नदीवरचा पूल आणलास. ते सगळं खरं आहे. पण हे सगळं सुरू कुठून झालं, ते तुला माहीत आहे आणि मलाही.

आठच्या सुमाराला धान्याचं कोठार पेटलं आणि रखवालदार आत मेला, त्या संध्याकाळी चर्चचं सुगीचं जेवण होतं. बाकीच्या बायका सातलाच घरी गेल्या. मागे ऑल्गा भांडी घासत राहिली आणि तिच्या मदतीला डेल. कोठाराच्या मालकानं डेलला कामावरून काढलं होतं, डेल भर बाजारात त्याला धमकी देऊन आला होता, म्हणून तू डेललाच धरलंस. ऑल्गानं कोर्टात शपथेवर सांगितलं, "आठ वाजून जाईपर्यंत पोरगा माझ्याजवळ भांडी पुसत होता." तू ज्यूरीकडे वळून किती हळू आवाजात म्हणालास, "तिला दोष देऊ नका. ती आई आहे, आई असंच बोलणार." बायकांनी डोळे पुसले. मीही तिथे होते.

आणि मला माहीत होतं. आगीचा भोंगा वाजत असतानाच डेल माझ्या दारात उभा होता, माझं विसरलेलं भांडं घेऊन. "तळाला तुमचं नाव दिसलं," म्हणाला. हात अजून ओले होते. कोठार तिथून सहा मैलांवर. खटल्याच्या आधी माझ्याच स्वयंपाकघरात बसून मी तुला हे सांगितलं. तू कॉफी संपवलीस आणि म्हणालास, "व्हर्ना, तुझी तारीख चुकतेय. ते आधीच्या आठवड्यातलं असेल." कर्टिस, सुगीचं जेवण वर्षातून एकदाच असतं. तुलाही ठाऊक होतं. त्या वर्षी तू विधानसभेला उभा होतास. डेलच्या वकिलाचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, "मला काही आठवत नाही." ते मात्र तू नाही म्हणालास, मी म्हणाले.

डेल तुरुंगात जाऊन एकवीस वर्षं झाली. या एकवीस वर्षांत ऑल्गा मला एकदाही टोचून बोलली नाही. दर सुगीला मला शेजारी बसवून घ्यायची, माझेच बटाटे आधी वाढून घ्यायची.

परवा चर्चमध्ये लोक यायच्या आधी डेलला तुरुंगातून वीस मिनिटांसाठी आणलं. पायात बेड्या, दोन्हीकडे पहारेकरी. केस पार गेलेत. आईच्या कपाळावर त्यानं हात ठेवला, रडला नाही. जाताना मी दिसले तर थांबला. मला वाटलं, आता शिव्या देईल. त्यानं विचारलं, "मिस व्हर्ना, तुमचं भांडं त्या दिवशी तुम्हाला पोचलं होतं ना? आता मलाच खात्री वाटेनाशी झालीय." मी "हो" म्हणाले. एवढंच. तेही एकवीस वर्षं उशिरा, आणि ज्यानं ऐकून उपयोग नाही त्याला.

म्हणून हे पत्र लिहितेय. सोमवारी सकाळी नऊ वाजता मी कोर्टात जाऊन शपथेवर सगळं लिहून देणार आहे. माझं खोटं आधी, मग माझ्या स्वयंपाकघरातलं आपलं बोलणं. मतदानाला पंधरा दिवस आहेत, मला कळतं. खटल्याच्या वेळीही मला ते कळलं होतं. फोन करून समजावू नकोस, तुझा आवाज ऐकला की मी विरघळते. आलास तर माझ्या शेजारी बस आणि तुझं तू सांग. ऑल्गा खरं बोलत होती, हे तुझ्या तोंडून एकदा त्याच कोर्टात ऐकू दे. मग घरी जेवायला ये. बटाटे त्याच भांड्यात करीन.

तुला बुटाची नाडी बांधायला शिकवणारी,
तुझीच
व्हर्ना